गॅस तिसऱ्यांदा भरायचा का? देवगडच्या एका डीप फ्रीझरचं प्रकरण

2024 च्या मे महिन्याचा तिसरा आठवडा. घर देवगड तालुक्यात, समुद्राच्या इतकं जवळ की खिडकीचे गज दरवर्षी रंगवावे लागतात. घरात दोघंच, तात्या आणि काकी. मुलगा पुण्याला, मुलगी लग्न होऊन कोल्हापूरला. यंत्र म्हणजे 2014 साली घेतलेला 200 लिटरचा, वरून झाकण उघडणारा डीप फ्रीझर, आत थंडावा आणणारा आर-134ए गॅस. तक्रार अशी की मशीन रात्रंदिवस घरघरतंय, बंद पडायचं नावच घेत नाही, आणि तरी आमरसाच्या पिशव्या बोटानं दाबल्या तर दबतायत.

मी बरीच वर्षं आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड शिकवला. त्यामुळे वाडीत कुणाचा फ्रिज बिघडला की सल्ला विचारायला माणसं येतात, बहुतेकदा मेकॅनिकनं आकडा सांगितल्यानंतर. तात्याही तसेच आले. तोवर त्यांच्याकडे तीन सल्ले जमले होते. एक, पुन्हा गॅस भरा, 2,500 रुपये. दोन, कंप्रेसर गेलाय, बदलायला 7,500. तिसरा पुण्याहून फोनवर: जुनं डबडं फेका, सेलमध्ये 300 लिटरचा 26,000 ला मिळतोय, दोनशेपेक्षा फक्त पाचेक हजार जास्त. तिघांतल्या कुणीही मशीनमधला कंप्रेसरचा खाना उघडून पाहिलेला नव्हता.

वेळही अडचणीची होती. 1 जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद. त्याआधी घरोघरी थोडी सुरमई, थोडी कोळंबी, बांगडे साठवले जातात. त्यात आंब्याचा हंगाम सरत आलेला, म्हणजे शेवटच्या पेट्यांचा रस काढून ठेवायचे तेच दिवस. काकींनी माझं प्रास्ताविक ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ता सगळा रवांदे. मासे खंय ठेवूचे, ता आधी सांग." प्रश्न बरोबर होता. शेजारच्या घरात अर्धा फ्रीझर रिकामा होता, तिथे माल हलवला. जे तुकडे अजून आतून कडक होते, ज्यात बर्फाचे कण दिसत होते, ते गेले. कोळंबीची एक पिशवी पूर्ण पाणी होऊन पडली होती, ती टाकून दिली. आमरस आंबट असतो म्हणून थोडी मऊ पडलेली पिशवी चालून जाते. कोळंबीला तेवढी सूट द्यायची नाही.

आता मशीनकडे. आधीच्या दोन गॅस भरण्यांचा हिशेब विचारला. पहिली गेल्या वर्षीच्या गणपतीच्या आधी, ऑगस्टमध्ये. जानेवारीत थंडावा पुन्हा गेला, दुसऱ्यांदा भरला. आता मे. म्हणजे पहिला भराव पाच महिने टिकला, दुसरा चार. दोन वेळचे मिळून 5,000 रुपये गेले आणि प्रत्येक वेळी पावतीवर एकच शब्द, 'गॅस'.

फ्रीझरमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरत राहतो: कंप्रेसर दाबतो, बाहेरच्या नळीत तो उष्णता टाकून द्रव होतो, केसासारख्या बारीक कॅपिलरीतून आत जातो, तिथे उकळतो आणि उकळताना आतली उष्णता ओढून घेतो. दहा वर्षं, पंधरा वर्षं, तितकाच. तो कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि भोक न शोधता भरलेला गॅस त्याच भोकातून जाणार आहे. हे प्रत्येक मेकॅनिकला माहीत असतं. पण भोक शोधायला एक रात्र जाते आणि त्या रात्रीचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. गॅस भरण्याचे 2,500 मुकाट्यानं देणारा माणूस तपासणीचे 600 ऐकून "नुसतं बघायचे?" म्हणतो. म्हणून दोष सगळा मेकॅनिकवर टाकायला मी तयार नाही.

साध्या गोष्टी आधी पाहून घेतल्या. असल्या बऱ्याच फ्रीझरना 'फ्रीझर' आणि 'कूलर' अशी दोन कामं करणारं बटण असतं आणि पोछा मारताना ते फिरतं. इथे ते जागेवर होतं. मशीन चालू असताना स्टॅबिलायझरमागे व्होल्टेज ठीक. झाकणाच्या रबरात कागद धरून ओढला, चारही बाजूंना अडकला. मग झाकण उघडून आतल्या भिंती पाहिल्या, आणि निम्मं उत्तर तिथेच होतं. डाव्या भिंतीवर कॅपिलरी जिथून आत येते तिथे वीतभर पट्टा पांढराशुभ्र, टणक बर्फाचा. त्यापुढची सगळी भिंत नुसती ओली. बाहेरून दोन्ही कुशींना हात लावला. या प्रकारच्या फ्रीझरमध्ये मागे काळी जाळी नसते. गरम नळी बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवलेली असते, म्हणून मशीन चालू असताना कुशी कोमट लागायला हव्यात. त्या गार होत्या. क्लॅम्प मीटरवर करंट पाटीवरच्या आकड्यापेक्षा बराच कमी.

कंप्रेसर अशक्त झाला तरी करंट कमी येतो आणि थंडावा जातो, म्हणून "कंप्रेसर गेला" हे निदान हवेतलं नव्हतं. पण अशक्त कंप्रेसरमध्ये सगळ्या भिंतींवर पातळ, भुसभुशीत बर्फ धरतो. वीतभरच कडक बर्फ आणि पुढे बर्फाचा पत्ताच नाही, हे गॅस कमी असल्याचं चित्र. चालू होताना 'टक्' करून लगेच बंद पडणं, नुसतं गुणगुणणं, हेही इथे नव्हतं. ते असतं तर आधी रिले आणि ओव्हरलोड (कंप्रेसर सुरू करणारा आणि त्याला जास्त करंटपासून वाचवणारा भाग) पाहिला असता, चारपाचशे रुपयांत विषय संपला असता.

गळती कुठे आहे यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. अशा फ्रीझरमध्ये नळ्यांचा थोडाच भाग हाताशी असतो: कंप्रेसरच्या खान्यातले जोड, फिल्टर ड्रायर (गॅसमधली ओल आणि कचरा अडवणारी डबी), कॅपिलरीचं तोंड. तिथे गळत असेल तर जोड झाळा, ड्रायर बदला, व्हॅक्यूम करा (म्हणजे नळ्यांतली हवा उपसून काढा), गॅस भरा; दहा वर्षांचा फ्रीझरही आणखी काही वर्षं सुखानं चालतो. बाकीची सगळी नळी दोन पत्र्यांच्या मध्ये, फोममध्ये गाडलेली. थंड करणारी आतली कॉइल तिथे गळत असेल तर ती दुरुस्त होत नाही. आतून नवी तांब्याची नळी गुंडाळून देणारे लोक आहेत, पण त्यात जागा जाते, थंडावा आधीसारखा येत नाही, आणि खर्च नव्या मशीनच्या दिशेनं सरकायला लागतो.

माझ्या हाताखाली शिकून गेलेला एक मुलगा जामसंड्याला काम करतो, त्याला बोलावलं. त्यानं ड्रायरपाशी नळी कापली, गरम बाजू आणि थंड बाजू वेगळ्या केल्या, दोन्ही टोकं बंद करून नायट्रोजन भरला. गरम बाजूला 200 पीएसआय (दाबाचं माप), थंड बाजूला 120. नायट्रोजनच; काहीजण हवा भरतात, पण हवेबरोबर ओल आत जाते, आर-134ए बरोबरचं तेल ती ओल पिऊन बसतं आणि पुढे कॅपिलरीच्या तोंडाशी बर्फ धरून दुसरंच दुखणं सुरू होतं. ऑक्सिजन तर कधीच नाही. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो आणि असे अपघात झालेले आहेत.

सकाळी थंड बाजूचा काटा 118 वर होता. रात्री हवा गार झाली की दोनेक पीएसआय उतरतातच, म्हणजे आतली कॉइल शाबूत. गरम बाजू 140 वर आली होती.

या मॉडेलमध्ये कुशीतल्या नळीची आणि झाकणाच्या कडेखालून फिरणाऱ्या नळीची टोकं कंप्रेसरच्या खान्यात वेगवेगळी बाहेर येतात. सगळ्या मॉडेलमध्ये येत नाहीत, इथे नशीब. दोन्ही सुट्या करून पुन्हा दाब भरला. कुशीतली टिकली. कडेची नळी दुपारपर्यंत उतरली.

ही कडेची नळी बऱ्याच घरमालकांना ठाऊकच नसते. झाकण जिथे टेकतं ती कड थंड पडून तिच्यावर घाम धरू नये, रबर गोठून चिकटू नये, म्हणून गरम गॅसचा एक फेरा त्या कडेखालून फिरवलेला असतो. नळी तांब्याचा मुलामा दिलेली असली तरी मूळ लोखंडी. खाऱ्या हवेत, त्यात माशांच्या पिशव्यांचं पाणी कडेवर ओघळतं, पत्र्याच्या फटीतून आत जातं. डाव्या कोपऱ्यात रबर उचलून पाहिलं तर पत्र्याला तपकिरी फोड आले होते आणि एका ठिकाणी सुई आत जात होती. किनाऱ्यावरच्या फ्रीझरची ही नेहमीची दुखरी जागा.

म्हणजे कंप्रेसर बदलून काहीच साधलं नसतं. नवा कंप्रेसर, नवा गॅस, आणि सप्टेंबरपर्यंत गॅस त्याच कोपऱ्यातून गेला असता. 7,500 चा सल्ला तिथेच बाद. तिसऱ्यांदा नुसता गॅस भरण्याचाही.

उरला खरा दुरुस्तीचा पर्याय: कडेची नळी चक्रातून काढून टाकायची, कुशीतल्या नळीचं टोक थेट नव्या ड्रायरला जोडायचं, व्हॅक्यूम, गॅस. सगळं मिळून 4,200 रुपये, गॅसची तीन महिन्यांची जबाबदारी. हे काम सर्रास होतं आणि चालतं. पण कडेची ऊब गेली की कोकणातल्या पावसाळ्यात त्या कडेवर घाम धरणार, रबरापाशी बर्फ जमणार आणि आधीच गंजलेला पत्रा आणखी भिजणार. कुशीतली नळीही त्याच जातीची आणि त्याच पत्र्याला लागून. ती आज टिकली. माझा अंदाज तीन-चार वर्षांचा होता. अंदाजच, हमी नाही.

आता पैशांचं. दुकानात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक नियम फिरतो: दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीच्या वर गेली तर नवं घ्या, खाली असेल तर दुरुस्त करा. 200 लिटरचा नवा 21,200 ला होता, जुन्याचे मेकॅनिक 1,200 देत होता, म्हणजे हातचे 20,000. त्यापुढे 4,200 हा पाचवा हिस्सा. नियम म्हणतो, डोळे मिटून दुरुस्ती. मला हा नियम कधीच पटला नाही, कारण तो दुरुस्त झालेलं यंत्र किती वर्षं चालेल हे विचारत नाही आणि विजेचंही विचारत नाही.

विजेचा आकडा इथे आयता मिळाला. मुलानं दिवाळीत हौसेनं प्लगमध्ये लावायचा मीटर आणून दिला होता आणि तात्या वहीत आकडे टिपत होते. जानेवारीत गॅस भरल्यावर फ्रीझर दिवसाला 1.6 युनिट घेत होता. मेमध्ये 2.6. महिन्याला तीस युनिट जास्त, ते बिलातही दिसत होते, पण उन्हाळ्यात पंख्यांच्या नावावर खपून गेले. दिवसाचे युनिट महिनाभर वाढत चालले तर थंडावा जाण्याच्या आधीच फ्रीझर आजारी पडल्याचं कळतं. वहीत ते होतं, वाचलं कुणी नव्हतं.

युनिटचा दर धरताना लोक एकूण बिलाला एकूण युनिटनं भागतात. तसं करायचं नाही. महावितरणचे दर टप्प्यांचे. या घराचं बिल महिना 170 युनिटच्या आसपास, म्हणजे फ्रीझर काढला किंवा बदलला तर वाचणारे युनिट शंभरच्या वरच्या महाग टप्प्यातले. वहन आकार धरून ते साडेअकरा रुपयांच्या आसपास पडत होते. सरासरीनं हिशेब केला असता तर बचत बरीच कमी दिसली असती.

200 लिटरच्या नव्या मशीनच्या लेबलवरचा वर्षाचा आकडा 365 नं भागला. लेबलची चाचणी प्रयोगशाळेत होते, काकींच्या स्वयंपाकघरात नाही, म्हणून थोडे वाढवून दिवसाला 1.3 युनिट धरले. फरक 0.3 चा, वर्षाला 110 युनिट, साधारण 1,260 रुपये. दुरुस्तीचे 4,200 साडेतीन वर्षांवर पसरले तर वर्षाला 1,200, अधिक विजेचे 1,260, म्हणजे 2,460. नव्याचे 20,000 दहा वर्षांवर पसरले तर 2,000. वर्षाला चार-साडेचारशेचा फरक, त्यातही दोन्ही बाजूंचे आयुष्याचे आकडे माझ्या अंदाजाचे. याला मी बरोबरी म्हणतो. अशा बरोबरीत हातात रोख किती आहे यावर ठरवावं आणि पुन्हा त्याचा विचार करू नये.

तात्यांचा कल दुरुस्तीकडे झुकला. "आता करून घेऊ, दिवाळीत ऑफर आल्या की नवीन बघू." ही वाट सगळ्यांत महाग. 4,200 पाच महिन्यांसाठी खर्च करायचे आणि मग 20,000 ही घालायचे. दुरुस्ती करायची तर ती शेवटपर्यंत वापरायची, नाहीतर करायची नाही.

तोवर आत खरा माल किती आहे याचा हिशेब कुणी केला नव्हता. शेजारी हलवताना काकींनी माल वजनकाट्यावर टाकला होता, कारण शेजारणीकडून परत मोजून घ्यायचा होता. आमरस बारा किलो. मासे सहा किलो, अजून चारेक किलो घ्यायचे होते. ओले काजूगर, खवलेलं खोबरं, फणसाचे गरे मिळून चार किलो. बाकी तळाशी दोन वर्षांपूर्वीच्या, काय आहे ते न लिहिलेल्या पिशव्या आणि रिकामी जागा भरायला ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या. म्हणजे वर्षातल्या सर्वांत भरलेल्या दिवशी खरा माल सव्वीस किलो. डीप फ्रीझरमध्ये लिटरमागे साधारण अर्धा किलो माल मावतो; वेड्यावाकड्या पिशव्या आणि हात घालायची जागा धरली तरी या मालाला 100 लिटर रग्गड. 200 लिटरचा घेतला तेव्हा घरात सहा माणसं होती आणि मे महिन्यात मुंबईहून आणखी यायची.

100 लिटरचा 13,500 ला. जुन्याचे 1,200 वजा, हातचे 12,300. दिवसाला 0.9 युनिट धरले. दुरुस्त केलेल्या जुन्यापेक्षा 0.7 कमी, वर्षाला 255 युनिट, 2,900 रुपयांच्या वर. दुरुस्तीपेक्षा जास्तीचे 8,100 तीन वर्षांच्या आत विजेतूनच फिटतात, आणि त्याच सुमाराला जुना तसाही दम तोडणार होता. इथे बरोबरी उरत नाही. सगळे हिशेब नव्या 200 लिटरशी चालले होते, कारण जुना 200 चा होता, एवढ्याच कारणानं.

पुण्याशी फोनवर थोडं वाजलं. "पाहुणे आले तर?" पाहुणे मासे घेऊन येत नाहीत, खायला येतात, असं काकींनी सांगितलं आणि विषय संपला. 300 लिटरचा सेल त्याच रात्री संपणार होता म्हणे. आठवड्यानं पुन्हा लागला.

नवीन घेताना दोनच गोष्टींवर मी अडून बसलो. एक, चारही बाजूंना किमान चार बोटं मोकळी जागा, कारण कुशी हीच त्याची उष्णता टाकायची जागा आणि जुना दोन भिंतींच्या कोपऱ्यात दाबून बसवला होता. दुसरं, कडेवर माशांचं पाणी पडलं की तिथल्या तिथे गोड्या पाण्याच्या फडक्यानं पुसून कोरडी करायची. आत कोणता गॅस आहे तेही मागच्या पाटीवर वाचून घेतलं: आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन. थोडाच असतो, पण पेट घेणारा. उद्या हा बिघडला तर सिलिंडर-टॉर्च घेऊन येणाऱ्या कुणालाही हात लावू द्यायचा नाही, या गॅसचं काम शिकलेलाच माणूस हवा, हे तात्यांनी स्टॅबिलायझरवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलंय.

जुना डबा भंगारात गेला नाही. फोमच्या भिंती असलेली लोखंडी पेटी उंदरांना दाद देत नाही, त्यामुळे तात्यांनी ती पडवीत भाताच्या बियाण्यासाठी ठेवली. कुलूप आणि झाकणाच्या बिजागऱ्या त्याच दिवशी काढायला लावल्या. अशा पेटीत लपायला शिरलेलं पोर झाकण पडल्यावर आतून उघडू शकत नाही. आता वर फळी असते. आणि गेला म्हणून सांगितलेला कंप्रेसर माझ्या त्या विद्यार्थ्यानं 1,200 देऊन नेला, तो जामसंड्यात एका दुकानाच्या आइस्क्रीमच्या फ्रीझरला बसवला आणि त्याची सहा महिन्यांची गॅरंटीही दिली.